ठाणें, कल्याण आणि एका मोटारीचा जीर्णोद्धार

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें बदरीकेदार, काश्मीर, निदान महाबळेश्वर तरी उभें राहतें. आमच्या प्रस्तुत प्रवासाचा सारा पल्ला ठाणें स्टेशनापासून अंबरनाथापर्यंत, म्हणजे लोकलगाडीच्या एका तिकिटांत मावणारा आहे. आणि जें पाहावयास आम्ही निघालों तें तीर्थ नव्हे, किल्ला नव्हे, तर डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत पत्र्याच्या छपराखालीं उघडी पडलेली एक जुनी मोटार. असें असूनहि तेथें जें पाहिलें व ऐकलें तें आमच्या वाचकांच्या घरोघर निघणाऱ्या एका प्रश्नाशीं निगडित असल्यामुळें येथें सांगण्याचें योजिलें आहे. वडिलांनीं केलेलें मोडून आजोबांच्या वेळचें परत आणावें काय, हा तो प्रश्न. वाड्याच्या दुरुस्तीच्या वेळीं तो निघतो, देवघर हलवितांना निघतो, आणि मोटारीच्या वेळींहि निघतो, हें आम्हांस गेल्या माघांत कळलें.

आमचें वास्तव्य ठाण्याचें. त्यामुळें घरून निघालों तो शिरस्त्याप्रमाणें मासुंद्याच्या तळ्याकाठीं कौपिनेश्वराचें दर्शन घेऊनच. शिलाहार राजांच्या काळीं ठाण्यास श्रीस्थानक म्हणत, व या देवस्थानाचा संबंध लोक त्या काळाशीं जोडतात. परंतु हल्लींचें देऊळ हें १७३७ सालीं मराठ्यांनीं पोर्तुगीजांकडून ठाणें घेतल्यानंतरचें, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनीं १७६० च्या सुमारास उभारलेलें. त्याच्यावरहि पुढें अनेक हात फिरले. भाविकाला त्याची खंत नसते. पूजा चालू असलेल्या देवळाचा जीर्णोद्धार असाच व्हावयाचा: खिळखिळें झालें तें काढावें, भक्कम तें घालावें, देव तोच. ही एक रीत झाली. दुसरी रीत त्याच प्रवासांत अंबरनाथास पाहावयास मिळाली. तिच्याकडे मागाहून येऊं.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यापर्यंत आली, आणि १ मे १८५४ पासून ती कल्याणपर्यंत जाऊं लागली. या एका वर्षाच्या अंतरांत खाडी ओलांडण्याचें व पारसिकच्या डोंगराची कड धरून जाण्याचें काम झालें. कळवा, मुंब्रा, दिवा या वाटेनें धीम्या गाडींतून जातांना एका हातास डोंगर व दुसऱ्या हातास खाडीची तिवरें दिसतात. दिसतात म्हणजे खिडकी मिळाली तर. आम्हांस मिळाली, कारण सकाळच्या वेळीं सारें जग मुंबईकडे धांवत असतें आणि उलट्या दिशेस जाणाऱ्या वृद्धास कोणी अडवीत नाहीं.

डोंबिवलीविषयीं फारसें लिहीत नाहीं. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेचा प्रघात १९९९ सालीं तेथील गणेशमंदिरानें पाडला, आणि तो आतां सर्वत्र झाला आहे, हें वाचकांस ठाऊकच आहे. आम्हांस जावयाचें होतें तें पूर्वेकडील कारखान्यांच्या भागांत, जेथें वारा फिरला कीं नाकास रसायनशाळेची आठवण होते. त्याच्याहि पलीकडे कल्याण-शीळ रस्त्याला प्रीमिअर कंपनीचा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या या कंपनीची मुख्य कर्मशाळा कुर्ल्यास; कल्याणच्या कारखान्यांत १९९० नंतरच्या दशकांत प्युजो ही फ्रेंच मोटार थोडा काळ बनत होती. तें काम बंद पडलें, आणि आतां ‘प्रीमिअर मैदान’ हें नांव लोक सभांच्या जागेसाठीं वापरतात. मात्र त्या कारखान्यांनीं या भागांत लेथवर हात बसलेलीं माणसें मागें ठेविलीं. आमच्या गोष्टींतले मिस्त्री त्यांपैकींच एक.

आम्हांस बोलावणारा हा आमच्या हाताखालून गेलेला, आतां पंचावन्नी गांठलेला एक विद्यार्थी. त्याचा निरोप असा होता: “सर, तुम्ही संस्कृतवाले. जीर्णोद्धार म्हणजे नेमकें काय, तें एकदां येऊन सांगा. घरांत पक्ष पडले आहेत.”

मोटार होती एम्. जी. कंपनीची, ‘टी. सी.’ नमुन्याची; त्याच्या आजोबांनीं वकिली ऐन भरांत असतांना १९४८ सालीं मुंबईस नवी घेतलेली. (हल्लीं रस्त्यांवर दिसतात त्या एम्. जी. मोटारींशीं हिचा संबंध नांवापुरता. तें नांव आतां एका चिनी कंपनीच्या मालकीचें आहे.) १९४५ ते १९४९ या काळांत इंग्लंडांत अ‍ॅबिंग्डन येथें या नमुन्याच्या सुमारें १०,००० मोटारी तयार झाल्या. चार सिलिंडरांचें, १२५० घनसेंटिमीटरचें, ५४ अश्वशक्तीचें एंजिन, १९ इंची तारांचीं उंच चाकें, आसनें दोनच, दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूस, म्हणजे दारें आपल्या नेहमींच्या मोटारींच्या उलट उघडणारीं, पुढची कांच बॉनेटवर आडवी पाडतां येणारी, आणि पेट्रोलची टाकी पाठीशीं उघडी, एखाद्या शिपायाच्या पडशीसारखी बांधलेली. चासी पोलादाची, परंतु तिच्यावरील टपाचा सांगाडा लांकडी. एक गंमत आमच्या वाचकभगिनींकरितां मुद्दाम सांगतों. या मोटारींत चालकापुढें जी तबकडी असते ती एंजिनाच्या फेऱ्या दाखविणारी. वेग दाखविणारी तबकडी त्याच्या शेजारीं बसणाऱ्यापुढें असते. पति हांकणार आणि किती वेगानें हांकतो तें पत्नीस दिसणार, अशी ही योजना आहे. संसारांत तिचा प्रसार कां झाला नाहीं, कोण जाणे!

आम्हांपुढें उभी होती ती मात्र अशी नव्हती. तारांच्या चाकांच्या जागीं अ‍ॅम्बॅसिडरचीं बुटकीं पत्र्याचीं चाकें, मागचा आसहि अ‍ॅम्बॅसिडरचा, एंजिन व गिअरपेटी त्याच घराण्याची. मागची टाकी गायब, आणि तेथें टप हातभर लांबवून चार मुलांना पुरेल असें बांक बसविलेलें. तबकडी एकच, मधोमध. आमच्या विद्यार्थ्याचा वीस-बावीस वर्षांचा मुलगा हें सारें दाखवीत असतां ‘बिघडविलें’ हाच शब्द वापरीत होता. तो शब्द आम्हांस रुचला नाहीं.

कारण हा उपद्व्याप हौसेचा नव्हता. स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींची आयात आवळत गेली. ज्यांना मोटारी येथें बनवावयाच्या नसून केवळ जुळवावयाच्या होत्या त्यांनीं गाशा गुंडाळावा असें सरकारचें धोरण १९५३ सालीं ठरलें, आणि शिवडीस १९२८ पासून चालूं असलेला जनरल मोटर्सचा कारखानाहि पुढच्याच वर्षीं मिटला. परकी चलनाची टंचाई १९५७ पासून तीव्र झाली. अशा दिवसांत या विलायती मोटारीचा एक पिस्टन किंवा एक टायर मिळविणें म्हणजे आकाशपुष्प आणणें होतें. हजारों जुन्या मोटारी त्या काळीं भंगारांत गेल्या. ज्या वांचल्या त्या कोणीतरी त्यांच्यांत देशी एंजिन घातलें म्हणून वांचल्या. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं १९६८ सालीं तेंच केलें. आणि घरांत मुलें झाल्यावर १९७२ सालीं मागचें बांक स्वतःच्या हातानें बसविलें. त्यांत एक योगायोग आहे, तो मिस्त्रींनीं सांगितला. अ‍ॅम्बॅसिडरचें १४८९ घनसेंटिमीटरचें एंजिन हें ज्या विलायती जातीचें, त्याच जातीचें व त्याच मापाचें एंजिन खुद्द एम्. जी. कंपनीनें १९५५ सालच्या ‘एम्. जी. ए.’ या नमुन्यांत घातलें होतें. म्हणजे वडिलांनीं घातलेलें एंजिन परकें खरें, पण परगोत्री नव्हे.

आतां पक्ष कोणते तें सांगतों. नातू म्हणे, सारें मुळाप्रमाणें करावें आणि उरलेलें भंगारांत द्यावें. धाकटे काका म्हणत, आहे अशीच विकून टाकावी. पैसा वांटतां येतो, मोटार वांटतां येत नाहीं. आणि ब्यायशीं वर्षांच्या मातोश्री म्हणत, कोणीं कशाला हात लावूं नये.

नातवाच्या बाजूस कायदाहि होता. केंद्र शासनानें जुलै २०२१ मध्यें जुन्या मोटारींसाठीं स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें उलटलेली, मूळ स्वरूपांत राखलेली, आणि चासी, टप किंवा एंजिन यांत मोठा फेरफार न झालेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदतां येते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, दहा वर्षांनीं फेरनोंदणीस ५,०००. पूर्वीं नोंदलेल्या मोटारीस तिचा जुना क्रमांक राखतां येतो. तिनें रोजच्या कामास रस्त्यावर यावयाचें नाहीं. प्रदर्शन, शर्यत-मिरवणूक, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतें यावें. एकत्र कुटुंबाच्या वयोवृद्धांस आपण वागवितों तसेंच हें थोडेंसें आहे. परंतु अ‍ॅम्बॅसिडरच्या एंजिनासह व हातभर लांबविलेल्या टपासह या मोटारीस तें दार बंद होतें. आजोबांचा क्रमांक मानानें राखावयाचा तर वडिलांचें बांक उतरविणें भाग होतें.

मूळ एंजिन कोठें गेलें? तें गेलेंच नव्हतें. वडिलांनीं तें काढून तेलांत भिजविलेल्या गोणपाटांत गुंडाळून अंगणांतल्या खोपटांत ठेविलें होतें. न जाणों, कधीं भाग मिळाले तर! हा स्वभाव आमच्या वाचकांस परका वाटणार नाहीं. पांच दशकांनीं गोणपाट सोडलें तेव्हां पिस्टन सिलिंडरांत गच्च बसलेले. मिस्त्रींनीं घासलेट व तेल यांचें मिश्रण वरून ओतून तें पांच आठवडे तसेंच ठेविलें. हातोडा लावूं दिला नाहीं. सहाव्या आठवड्यांत लांकडी ठोकळा ठेवून हळूहळू ठोकतां चारहि पिस्टन सुटले. पुढें सिलिंडर रुंद करून आंत नवे अस्तर, म्हणजे स्लीव्ह, बसवावे लागले.

या एंजिनाच्या आट्यांनीं मिस्त्रींस फार छळलें, आणि ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. विलायती एंजिन म्हणून बोल्टांच्या डोक्यांस इंग्रजी इंची पाना बसतो. म्हणून आटेहि इंची असावेत असें कोणीहि समजेल. परंतु या एंजिनाचा वंश मॉरिस कंपनीनें घेतलेल्या एका फ्रेंच कारखान्याच्या शाखेपर्यंत जातो, आणि तेथील यंत्रें मीटरपद्धतीचीं होतीं. सबब डोकें इंग्रजी आणि आटे फ्रेंच! त्यांतहि ते आजच्या बाजारांतल्या मीटरपद्धतीचे नव्हेत: ८ मिलिमीटरच्या नेहमींच्या बोल्टास दर आट्याला सव्वा मिलिमीटर अंतर असतें, येथें एकच. हें न कळलेल्या कोणा पूर्वसूरीनें चुकीचे बोल्ट दाबून फिरविले होते, व ब्लॉकांतील निम्मीं भोकें खराब झालीं होतीं. “सर, हा बोल्ट म्हणजे तुमचा बहुव्रीहि समास,” आमचा विद्यार्थी म्हणाला, “वरून दिसतो एक, अर्थ तिसराच.” शाळेंत समासांत नापास होणारा मुलगा पुढें असें बोलूं लागला म्हणजे मास्तरास पेन्शनपेक्षां अधिक कांहीं मिळतें.

लांकडाचें दुखणें निराळें होतें. मूळ सांगाडा अ‍ॅश या विलायती झाडाचा. हलका आणि लवचिक. वाळवीनें त्याचा भुगा केला होता. सुतारानें सागवान सुचविलें. नातू हटून बसला कीं अ‍ॅशच हवें, व तें परदेशांतून आणवावें. आमचें मत विचारलें गेलें नव्हतें तरी आम्हीं तें दिलें. सहाव्या शतकांत कॉस्मस नामक ग्रीक प्रवाशानें कल्याण बंदरांतून पितळ, लांकूड व कापड निर्गत होत असल्याचें लिहून ठेविलें आहे. चौदा शतकांपूर्वीं जें गांव जगाला लांकूड पाठवीत होतें त्याच्या वेशींत आणलेल्या मोटारीसाठीं लांकूड विलायतेहून आणणें आम्हांस विपरीत वाटलें. सागवान जड पडतें हें खरें; पण कोंकणच्या हवेंत तें टिकतें. शेवटीं सागवान ठरलें, आमच्या इतिहासामुळें नव्हे, अ‍ॅशच्या किंमतीमुळें.

दुपारीं जेवावयास त्यांच्या घरीं गेलों. मातोश्रींस आम्ही काकू म्हणतों. त्यांनीं वाद घातला नाहीं, नुसतें सांगितलें. १९६३ सालीं लग्न होऊन त्या कल्याणस आल्या तेव्हां स्टेशनावरून घरापर्यंत याच मोटारींतून. “ह्यांनीं हांकायचें आणि मी समोरच्या घड्याळांतले मैल मोजायचे. पंचवीसच्या पुढें कांटा गेला कीं मीं डोळे मिटायचे. मग मुलें झालीं, आम्ही मागें गेलों. तें बांक ह्यांनीं दोन उन्हाळ्याच्या सुट्यांत केलें, मास्तर. बोट कापून घेतलें होतें. आतां हीं मुलें म्हणतात, तें खोटें.”

या ‘खोटें’ शब्दावर आम्ही निरुत्तर झालों.

दुसऱ्या दिवशीं आमच्या विद्यार्थ्याबरोबर अंबरनाथास गेलों. वालधुनी नदीकाठचें हें शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चें, शिलाहार मुम्मुणीच्या काळचें. तसा शिलालेख तेथेंच सांपडला. भूमिज शैलीच्या सर्वांत जुन्या देवळांत त्याची गणना होते. वालधुनीच्या पाण्याचा आजचा रंग व वास यांविषयीं न लिहिलेलें बरें. परंतु देवळाच्या भिंतींवरून नजर निघत नाहीं. एक बोटभर जागा शिल्पाशिवाय नाहीं, आणि तरी दाटी वाटत नाहीं. सभामंडपांतून पायऱ्या उतरून खालीं गाभाऱ्यांत जावें लागतें. तेथें मान वर केली तर छत नाहीं, आकाश दिसतें, कारण शिखराचा वरचा भाग शिल्लक नाहीं. महाशिवरात्रीस येथें प्रचंड यात्रा भरते, पूजा नित्य चालते, आणि तरीहि पुराणवस्तु खात्याच्या रक्षणाखालील या देवळावर कोणीं सिमेंटचें शिखर चढविलेलें नाहीं. जें पडलें तें पडलेलेंच दाखवावें, ही दुसरी रीत.

“मग मोटारीस कोणती रीत लावूं? कौपिनेश्वराची कीं अंबरनाथाची?” त्यानें विचारलें.

तेव्हां आम्हांस पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताची आठवण झाली. १९१९ सालीं आरंभिलेली ती चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली, डॉ. विष्णु सीताराम सुखटणकरांनीं १९२५ पासून १९४३ सालीं निधन होईपर्यंत तिचें संपादन केलें. शतकानुशतकें लेखकांनीं, कीर्तनकारांनीं, भक्तांनीं मुळांत भर घातली होती. संपादकांनीं शेंकडों हस्तलिखितें ताडून प्रक्षेप वेगळे काढले. परंतु काढले म्हणजे फेकले नाहींत. प्रत्येक गाळलेला श्लोक तळटीपेंत किंवा परिशिष्टांत, कोणत्या पोथींत तो सांपडतो त्या निर्देशासह, छापलेला आहे. ज्यानें घातला त्याचें नांव आपणांस ठाऊक नाहीं, पण त्याला खोटा म्हणून हांकललेलें नाहीं. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय संघानें २०१२ सालीं ट्युरिनची म्हणून जी सनद मान्य केली तिचाहि रोख थोडाफार असाच आहे. मोटारीच्या आयुष्यांत झालेले फेरफार हेहि तिच्या इतिहासाचे साक्षी होत, त्यांची नोंद राहिली पाहिजे. कारखान्यांतून निघाली त्या दिवशींहि नव्हती इतकी चकचकीत करून ठेवलेली मोटार आम्हीं प्रदर्शनांत पाहिली आहे. ती आम्हांस दागिने घातलेल्या बाहुलीसारखी वाटते.

आम्हीं तडजोड सुचविली. मूळ एंजिन, मूळ लांबी, तारांचीं चाकें परत यावींत. वडिलांनीं घातलेली प्रत्येक वस्तु चिठ्ठी लावून, सालासह, घरांत जपावी. आणि मूळ टपाला ज्या ज्या जागीं त्यांची करवत लागली त्यांचीं छायाचित्रें काढून मोटारीच्या कागदांत ठेवावींत. मूळ संहिता आणि परिशिष्ट. विद्यार्थी खूष झाला. घरीं येऊन काकूंपुढें आम्हीं हेंच भारदस्त शब्दांत मांडलें.

काकू म्हणाल्या, “मास्तर, परिशिष्टांत माणसें बसत नाहींत.”

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. परंतु नातू, जो सकाळपर्यंत ‘बिघडविलें’ म्हणत होता, तो उठला आणि म्हणाला, “आजी, तुझें घड्याळ परत येणार आहे. तुझ्या पुढ्यांत. आबांनीं तें गोणपाटांत एंजिनाबरोबरच ठेवलें होतें.” काकूंनीं कांहीं उत्तर दिलें नाहीं, पानांतला भात निवला. दोन दिवसांनीं त्यांचा निरोप कारखान्यांत गेला कीं बांक उतरवा, पण करवत लावूं नका, स्क्रू काढा.

नवरात्रानंतर आम्ही पुन्हां डोंबिवलीस गेलों. मोटारीचा रंग हिरवा झाला होता. बॅटरीच्या पेटीखालीं मूळ रंगाचा एक तुकडा शाबूत सांपडला, त्याच्याशीं ताडून. मागचा आस अद्याप अ‍ॅम्बॅसिडरचाच होता, कारण मूळ आस मिळालेला नाहीं. तारांचीं चाकें त्यावर बसविण्यासाठीं मिस्त्रींनीं मधले भाग लेथवर घडविले आहेत. म्हणून ‘जवळजवळ मूळ’ एवढेंच म्हणावयाचें, आणि व्हिंटेज नोंदणीसाठीं परीक्षण करणारी समिति त्यास काय म्हणते तें पाहावयाचें. रविवार असल्यामुळें कारखान्यांतला रस्ता मोकळा होता. काकूंस डावीकडच्या आसनावर बसविलें. दार उलटें उघडतें हें त्यांस कोणीं सांगावें लागलें नाहीं. नातू हांकावयास बसला. शेवटच्या फाटकापर्यंत जाऊन मोटार परत आली तेव्हां काकूंचे डोळे उघडे होते. “एकवीस,” त्या म्हणाल्या. “हा तर ह्यांच्याहून हळू हांकतो.”

धाकट्या काकांचें विकण्याविषयींचें मत अद्याप कायम आहे, आणि तें त्यांनीं आम्हांस चहाच्या वेळीं पुन्हां ऐकविलें. अ‍ॅम्बॅसिडरचें एंजिन ग्रीस लावून, चिठ्ठी अडकवून, त्याच खोपटांत त्याच गोणपाटाखालीं गेलें आहे. बांक ओसरीवर भिंतीशीं ठेविलें असून दुपारीं काकू त्यावर निवडणें घेऊन बसतात. मोटारीचा कापडी हूड तेवढा उरला आहे. तो उल्हासनगरास शिवावयास टाकला आहे, आणि शिंपी येत्या महिन्याचा वायदा देतो.